बाराव्या झाडाखालची हवा

भिवाजीच्या लेकीची, दामिनीची, सोयरीक जुळली त्या वर्षीच्या भादव्यात, एका मंगळवारी सकाळी दहा वाजून सात मिनिटांनी, दादाराव बाराव्या झाडाखाली उकिडवे बसून दात घासायच्या जुन्या ब्रशने मुंग्या झाडत होते.

जमिनीत रोवलेल्या लोखंडी कड्याला वरून नालीसारखी खाच होती. तिच्यात पाणी भरायचं आणि त्या पाण्यात पत्र्याचा डबा पालथा घालायचा, म्हणजे आतली हवा आत आणि बाहेरची बाहेर. अकरा झाडांखाली हे काम मुकाट्यानं व्हायचं. बाराव्याखाली मात्र आषाढापासून मुंग्यांनी बाजार मांडला होता. एका बाजूनं झाडल्या की दुसऱ्या बाजूनं रांग सुरू. पाण्यात बुडून मरायच्या आणि मेलेल्यांच्या अंगावरून जिवंत यायच्या. दादारावांनी त्यांना एक ठेवणीतली शिवी दिली, डबा घातला, घड्याळ पाहिलं आणि वहीत शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'मुंग्या.' वरच्या ओळीत मुंग्या होत्या. त्याच्याही वरच्या ओळीत मुंग्याच होत्या.

सौंसरच्या नगरपालिकेत तीस वर्षं नळाच्या चाव्या फिरवून ते निवृत्त झाले होते. अक्षरओळख झाली ती बेचाळिसाव्या वर्षी, प्रौढांच्या वर्गात. मुलगा कुणाल तेव्हा तिसरीत होता आणि जेवता जेवता बापाच्या चुका काढायचा. त्यामुळं असेल, देव न मानणाऱ्या या माणसाची लिहिलेल्या ओळीवर मात्र श्रद्धा होती. दहा वाजून सात मिनिटं झाली असतील तर दहा-सातच लिहायचे. दहा-पाच नाही, सव्वादहा तर नाहीच.

बाग बोरगावात भिवाजीची. काम तेजस्विनीचं. ती नागपूरला हवेवर पीएचडी करत होती आणि तीन वर्षांसाठी तिनं भिवाजीकडून संत्र्याची बारा झाडं मागून घेतली होती. सहा झाडांना युरिया द्यायचा, सहांना काहीच नाही. गोणीतलं नाही, शेणाचं नाही, एक टोपलं कचरासुद्धा नाही. खाणारी झाडं आणि उपाशी झाडं, अशी नावं गावानं आपोआप पाडली. बारावं झाड उपाश्यांतलं शेवटचं, विहिरीमागच्या बांधाला टेकलेलं.

तेजस्विनीनं पहिल्याच दिवशी दादारावांना बांधावर बसवून सगळं समजावलं होतं. मातीत नत्र पडला की मातीतले सूक्ष्म जीव त्यातल्या थोड्याचा वायू करून सोडतात. दवाखान्यात दाताच्या पेशंटला हुंगवतात, तोच. हा वायू वर चढतो, ढगांच्या वर, विमानांच्या वर, आणि शंभरावर वर्षं टिकतो. तिथं कडक ऊन त्याला फोडतं, पण सगळ्याला सारखं नाही. हलक्या नत्राचा आधी फुटतो, जड नत्राचा मागं राहतो. मोठा फुगा सोडून वरची हवा खाली आणतात आणि तिच्यात हलकं किती, जड किती, ते मोजतात. पण त्या वरच्या हवेत शेताचा वाटा किती, हे सांगायचं तर शेतातून निघताना तो वायू कसा असतो ते आधी माहीत पाहिजे. गोणीच्या खताचा वेगळा निघतो, शेणामुताचा वेगळा, उपाशी मातीचा वेगळा. म्हणून दादारावांनी डबा लावून चाळीस मिनिटं थांबायचं, आतली हवा बाटलीत भरायची आणि वेळ वहीत लिहायची.

दादारावांनी ऐकून घेतलं होतं आणि म्हटलं होतं, म्हणजे बाहेरगावी गेलेलं पोरगं कोणत्या घरचं ते ओळखायचं, तर आधी घरची माणसं पाहून ठेवायची. तेजस्विनीनं ते वाक्य तिच्या वहीत उतरवून घेतलं. आणि म्हणाली होती की प्रबंध छापला की त्यात तुमचं नाव येईल, काका. दादाराव तेव्हा डबे मोजू लागले. घरी जाऊन बायकोला, शांताबाईला, मात्र त्यांनी तीनदा सांगितलं, आणि चौथ्यांदा तिनंच त्यांना सांगितलं.

तीन वर्षांतले आता अडीच महिने उरले होते.

शुक्रवारी तेजस्विनी आली ती चेहरा पाडून. बसमधून उतरून थेट बागेत, पाणीसुद्धा घेतलं नाही. बाराव्या झाडाचे आकडे बिघडले होते. उपाशी झाडाखालून निघायचा त्याच्या तीसपट वायू निघत होता, युरियाच्या झाडांपेक्षाही जास्त. त्यातला नत्र गोणीचा नव्हता. गोणीचा हवेतल्या नत्रासारखा असतो. हा जड होता, जनावराच्या अंगातून आलेल्यासारखा. आणि नुसत्या नत्रानं माती एवढी उसळत नाही, तिच्या सरांचं म्हणणं होतं, सोबत काहीतरी गोडही पडत असणार. गूळ असावा. गोमूत्र आणि गूळ म्हणजे जीवामृत. कोणीतरी झाडाला जीवामृत घालत होतं.

भिवाजीचा मुलगा विनोद फवारणीचा पंप पाठीवर घेऊन तिथंच उभा होता. जीवामृत आमच्या घरी कोणी केलंच नाही, गाय विकूनही दोन वर्षं झाली, असं त्यानं सांगितलं आणि ते खरं होतं. मग कोण, असं तेजस्विनीनं विचारलं नाही, पण तिची नजर वहीवर गेली. वही दादारावांच्या हातात होती.

दादाराव म्हणाले की एक टोपलं सोडा, एक पानही मी तिथं पडू दिलं नाही. तेजस्विनी म्हणाली की माझा तुमच्यावर विश्वास आहे, काका, पण सरांना कारण द्यावं लागेल. ते सापडलं नाही तर सहाही उपाशी झाडांवर संशय येईल आणि तीन वर्षं पाण्यात जातील. विनोदनं पंप खाली ठेवला. आजवर तो त्यांना काका म्हणत आला होता.

"मॅडम, दादाराव चाळीस चाळीस मिनिटं इथंच बसून राहतात. म्हाताऱ्या मानसाले लघवी थांबवते का? बांध जवळच हाय."

तेजस्विनीनं मान फिरवली. दादारावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. चाळीस वर्षांपूर्वी याच बागेत, भिवाजीच्या बापाच्या राज्यात, कोणी कुठं बसायचं, कोणत्या पाटाचं पाणी प्यायचं हे ठरलेलं होतं. विनोदच्या मनात ते नसेलही. पण शब्दाला जुना वास असतो, बोलणाऱ्याला तो येत नाही एवढंच.

"मी कामाच्या वेळी पानीसुद्धा पित नाही," एवढंच ते म्हणाले.

सोमवारी पुन्हा येते, असं सांगून तेजस्विनी गेली.

शनिवारी त्यांना डबे लावायचे नव्हते. तरी सकाळी साडेसहाला ते बांधामागच्या निंबोणीआड जाऊन बसले. घरून निघताना शांताबाईनं विचारलं, तर चोर पकडायला चाललो म्हणाले. त्यांचा संशय शेजारच्या पुंडलिकरावांच्या बैलजोडीवर होता. बैल मोकळे सुटतात, बांध उतरतात, आणि पुंडलिकरावांना विचारलं तर ते बैलांची बाजू घेऊन भांडतात. दादारावांनी मनातल्या मनात ते भांडणही करून घेतलं होतं.

बैल आले नाहीत. सात वाजता भिवाजी आला. धोतराचा सोगा हातात, डोक्याला फडकं, विहिरीवरून घटाघट दोन लोटे पाणी पिऊन. इकडं तिकडं पाहिलं आणि नेमका बाराव्या झाडाखाली, नेमका कड्याजवळ बसला.

दादाराव उठले, पण लगेच पुढं गेले नाहीत. माणसाला उठू तरी दिलं पाहिजे. तो उठेना. बराच वेळ बसून राहिला. उठला तेव्हा झाडाचं खोड धरून उठला.

"भिवाजी!"

भिवाजी दचकला, आणि मग दचकलाच नाही असं दाखवत फडकं सारखं करू लागला. दादारावांच्या तोंडाला कालचा राग एकदम आला. अडीचशे एकर शिवार पडलं आहे, पांढुर्ण्यापर्यंत रान मोकळं आहे, घरी सरकारनं पांढरंशुभ्र संडास बांधून दिला आहे, आणि तुला जगात हेच एक झाड सापडलं का, असं त्यांनी विचारलं. तुझ्या पोरानं माझं तोंड काळं केलं. ती पोरगी रडकुंडीला आली. तुला त्या पोरीनं हात जोडून सांगितलं होतं की नाही?

"खत टाकू नका म्हनली होती," भिवाजी म्हणाला. "गोनीतलं नाही, शेनाचं नाही. मी नाही टाकलं. याच्याबद्दल ते कुठं काही बोलली?"

दादारावांनी कड्याकडं बोट दाखवलं.

"आन् तीन सालापासून उपाशी हाय बिचारं," भिवाजी झाडाकडं पाहत म्हणाला. "तेवढंच त्याले."

"तेवढंच? लेका, तीसपट निघून राहिलं! तुझ्या ह्या तेवढ्यानं तिकडं आभायाचा हिशेब चुकला!"

भिवाजी हसला. मग दोघांचीही नजर खाली गेली. ओल्या मातीकडं मुंग्या निघाल्या होत्या. दोन पायांच्या मधून, कड्याला वळसा घालून, ओळीनं, ओळखीच्या रस्त्यानं. दादाराव पाहत राहिले. तीन महिने ते यांना ब्रशनं झाडत होते, आणि तीन महिने वहीत लिहीत होते. काहीतरी गोड, सरांनी म्हटलं होतं. विहिरीवर भिवाजीनं घटाघट प्यायलेले दोन लोटे त्यांना आता आठवले. सदरा कधीपासून असा खांद्यावरून ओघळला होता?

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

भिवाजी बांधावर बसला. दादारावांनाही बसावं लागलं.

उन्हाळ्यात पांढुर्ण्याला बैलबाजारासाठी म्हणून गेला असता त्यानं तिथल्या एका डॉक्टरला दाखवलं होतं. रक्तातल्या साखरेचा आकडा पाहून डॉक्टरनं कागद त्याच्या हाती दिला नाही, सोबत मुलाला घेऊन या म्हणाला. भिवाजी परत गेलाच नाही. घरच्या संडासात मुंग्या लागू लागल्या तसं सून तृप्ती फिनेल ओतू लागली, एक दिवस ती सासूशी काहीतरी कुजबुजली, आणि दुसऱ्या दिवसापासून तो शेतात येऊ लागला. विहिरीमागं कोणी येत नाही. डबेवाल्या झाडांकडं तर गडीमाणसंही फिरकत नाहीत.

दादारावांनी सांगितलं की आत्ता माझ्या सायकलवर बस, सौंसरला सरकारी दवाखान्यात जाऊ, गोळ्या फुकट मिळतात.

"लग्न होऊ दे," भिवाजी म्हणाला.

दामिनीचं एक स्थळ मागच्या वर्षी मोडलं होतं. सावरगावचं. सगळं ठरलं होतं, साडीचे रंगही. मग मुलाच्या मामाला कुठून तरी कळलं की भिवाजीच्या थोरल्या भावाचा पाय साखरेनं कापला होता. ज्या घरात साखर आहे तिथली मुलगी नको, असा निरोप आला. दामिनी चार दिवस जेवली नव्हती आणि आई मनकर्णा जामसांवलीच्या मारुतीला चालत गेली होती. आता पांढुर्ण्याच्या या मुलाच्या घरी सांगितलं होतं की ते भावापुरतं होतं, बाकी घर खणखणीत आहे.

"मले साखर हाय हे एकाले समजलं की विनोदले समजन. विनोदले समजलं की तृप्तीच्या माहेरी जाईन. तिचं माहेर पांढुर्ण्याचं. दोन महिन्याचा सवाल हाय, दादाराव."

"तवर मरशीन, येड्या."

"नाही मरत. तू फक्त कोनाले सांगजो नको."

दादारावांनी मान हलवली नाही, हो म्हटलं नाही. दोघं पोरं होते तेव्हा भिवाजी त्यांच्यासोबत गुरं चारायचा आणि घरून चोरून आणलेली भाकर अर्धी द्यायचा. कोणाला सांगजो नको, असं तेव्हाही म्हणायचा. हा माणूस जन्मभर असाच, चांगलं करेल तेही चोरून आणि वाईट करेल तेही चोरून. त्यांना त्याचा इतका वैताग आला की ते उठून सायकल हातात धरून चालतच घरी आले. बसायचं भानच राहिलं नाही.

सोमवारी तेजस्विनी आली. विनोद होता, आणि भिवाजीही आला होता, विहिरीच्या काठावर बसून नख कोरत. दादारावांनी वही उघडून तिच्यासमोर धरली.

"मीच बसत होतो, बाई. विनोद बरोबर बोलला. वय झालं, थांबवलं जात नाही. लिहायची लाज वाटली."

मग विनोद बोलला. फार नाही, दोनच वाक्यं. उद्यापासून बागेत पाय ठेवू नका, डबे लावायला मी दुसरा माणूस देतो. आणि दुसरं वाक्य तो अर्ध्यावर गिळला, पण अर्ध्यातूनही ते समजत होतं. भिवाजी काठावरून उठला. तो काहीतरी बोलेल असं दादारावांना वाटलं. तो बोलेल याची त्यांना भीती वाटली, आणि तो बोलला नाही याचाही राग आला. भिवाजीनं लोटा उचलला आणि तो पाणी प्यायला.

सौंसरपर्यंत तेजस्विनी दादारावांसोबत आली. वाटेत म्हणाली की काका, तुम्ही खोटं लिहिलं नाही, फक्त लिहिलं नाही, यात फरक आहे. दादारावांना ते सांत्वन अधिक बोचलं. बसस्टँडजवळ रक्त तपासायचं दुकान होतं. तिथं ती थांबली. तिच्या आईला साखर होती, त्यामुळं आज वहीतला मुंग्यांचा शेरा वाचताच तिला उलगडा झाला होता. तुमची तपासणी करू, आजच, माझ्यासाठी, असं ती म्हणाली.

दादाराव नाही म्हणाले, उपवास नाही म्हणाले, सुईची भीती वाटते म्हणाले. पासष्ट वर्षांच्या माणसाला सुईची भीती वाटते हे तिनं ऐकूनच घेतलं नाही. दुकानातल्या वीरेंद्र नावाच्या मुलानं बोट टोचलं, पट्टीवर थेंब घेतला आणि यंत्र त्यांच्याकडं वळवलं.

"एकशे आठ. नाश्त्यानंतर. काका, आपको तो कुछ भी नहीं है."

तेजस्विनीनं तो आकडा दोनदा वाचला. तिला आकडे वाचता येत होते. मग तिनं दादारावांकडं पाहिलं, आणि दादारावांनी बोटावरचा कापूस दाबून धरला. रक्त थांबलं होतं तरी दाबून धरला.

"कोण, काका?"

"लग्न होऊ द्या, बाई."

बस लागली होती. तिनं पिशवीतून वही काढली, मंगळवारची ओळ काढली आणि पेन उघडं धरलं. बाराव्या झाडाचे आकडे वगळायचे, बाकीची पाच उपाशी झाडं तरी वाचतील. पण वगळायचं कारण प्रबंधात लिहावं लागतं, ते छापलं जातं.

"काय लिहू?"

"जे सांगितलं तेच. नोंद घेणाऱ्याची चूक."

"त्याच्याखालीच तुमचं नाव येईल."

"येऊ द्या."

तिनं लिहिलं. दादारावांनी उलट्या बाजूनं वाचलं आणि 'चूक' मधला ऊकार दीर्घ आहे ना, ते पाहून घेतलं.

तुळशीचं लग्न झाल्यावर, चोवीस नोव्हेंबरला, दामिनीचं लग्न झालं. दादारावांना पत्रिका आली होती. ते मांडवात गेले, मागच्या खुर्चीवर बसले, आणि विनोदनं येऊन जेवून जा म्हटलं तेव्हा जेवले. हात धुताना त्यांनी भिवाजीला गाठलं. उद्या, ते म्हणाले. मांडव परतणं होऊ दे, भिवाजी म्हणाला. ते झाल्यावर गेले, तर दामिनी पहिल्या सणाला येते आहे म्हणाला. ती येऊन गेल्यावर, मृग बहाराची संत्री तोडून होऊ दे म्हणाला. तोडताना टाचेत काटा मोडला. काटाच आहे, म्हणाला. महिनाभर त्यानं त्याला हळद बांधली. दादाराव शेवटी विनोदकडं जाऊन उभे राहिले आणि सगळं बोलले, तेव्हा फाल्गुन निम्मा झाला होता आणि टाच काळी पडली होती. विनोदनं त्यांना बसायला खुर्ची दिली. एवढे दिवस का नाही सांगितलं, असं त्यानं एकदाच विचारलं.

नागपूरच्या दवाखान्यात भिवाजीचा पाय गुडघ्याखालून कापला. पण विष वर चढलं होतं. पाडवा होऊन तीन दिवस झाले होते. दोन एप्रिल दोन हजार पंचवीस, बुधवार, दुपारी भिवाजी वारला, दवाखान्यानं कागदावर सव्वातीन लिहिले. घड्याळ दादारावांनी पाहिलं होतं. तीन वाजून सोळा मिनिटं झाली होती.